वसमतच्या काकूंना, पॉलीच्या गड्ड्यांबद्दल

ती. काकूंना सा. न. वि. वि.

माझी पॉली, म्हणजे कुंडीतलं अलोकेशियाचं शोभेचं रोप, गेली, पण तिची पोरं जगली. हे आधीच सांगते, कारण फोन केला असता तर तुम्ही पहिलं तेच विचारलं असतं. पत्र सगळ्यांसमोर लिहायचं कारण एवढंच, की नांदेडात घरोघरी कुंड्या झाल्यात आणि झड लागली की अलोकेशिया माना टाकतात. लोक पानं बघतात आणि कुंडी ओतून देतात.

मीही तेच करायला निघाले होते. रोप मागवलेलं, आलं नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात, त्यात आठवडाभर ऊन नाही. कुंडी वाळेचना. पोकळ्यांत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, ती मरायला लागतात आणि मग पिथियमसारखे रोग आत शिरतात. तुम्ही लेकीकडे आला होतात. जिन्यातच कुंडीचा वास घेतलात आणि म्हणालात, "ही तर कंदकूज! पण फेकायलीस कशाला गं? गड्डे बघ की आधी." हळदीत उभी हयात गेलेल्या माणसाला ओळख पटायला वेळ लागत नाही.

मग तुम्ही पदर खोचून खालीच बसलात. मूळ चिमटीत धरलं की वरची साल निसटून यायची, मधला धागा तेवढा हातात उरायचा. त्या चिखलातून तुम्ही हरभऱ्याएवढे तपकिरी गड्डे वेचून काढलेत. एकेक अंगठ्याने दाबायचा; टणक लागला तर ठेवायचा, पिचला तर टाकायचा. एकाचा वाळका पापुद्रा नखाने सोलून मला दाखवलात, आत पिवळसर कंद आणि टोकाला बारीक डोळा. "डोळा जिता आहे. बाकीचं जाऊ दे."

व्हिडिओंत याच कामाला विकतचं सामान सांगतात. तुम्ही गड्डे धुऊन रात्रभर सावलीत सुकवायला लावलेत, बांधकामाची जाड वाळू चाळून धुवायला लावलीत आणि मिठाईचा पारदर्शक डबा मागितलात. डोळा वर, अर्धा गड्डा उघडा, वाळू ओलसर पण हाताला पाणी न सुटणारी. दिवसातून एकदा झाकण काढून वारं द्यायचं. बेण्यासाठी आणलेल्या ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीची चिमूटही तुम्ही दिलीत. तिचा गुण आला का, कोण जाणे. माझ्या मते खरं काम वाळूतल्या हवेनं केलं.

पण मोठे आभार त्या रागावण्याबद्दल. बरेच दिवस काहीच दिसेना, तेव्हा मी फोनवर विचारलं, एखादा उकरून बघू का? तुम्ही म्हणालात, "आमचं बेणं काढणीपासून मे-जूनच्या लागवडीपर्यंत पाल्याखाली पडून असतं. त्याला कोणी रोज उठून उकरतं का?" मी गड्ड्यांना हात लावला नाही. आधी पांढरं मूळ वाळूत उतरलं, मग डोळ्यातून कोंब, आणि पहिलं पान आलं ते रुपयाएवढं. पॉलीच्या त्या ठसठशीत पांढऱ्या शिरा पुढच्या पानांवर उमटल्या. गड्ड्यांना २५ ते ३० अंशांची ऊब मानवते. आपल्या श्रावणात ती फुकट मिळते. फक्त डबा एसीच्या खोलीत ठेवू नये.

तुम्ही विचारलं होतं ना, हिचं गाव कुठलं? जातीचं नाव अमेझॉनिका असलं तरी ॲमेझॉनच्या जंगलाशी हिचा संबंध नाही. मायामीच्या एका रोपवाटिकेत १९५० च्या दशकात झालेला हा संकर, आणि त्या रोपवाटिकेचंच नाव ॲमेझॉन होतं.

लेकीबरोबर एक कुंडी पाठवतेय. ओसरीत ठेवा, दुपारचं ऊन नको, बोअरचं जड पाणीही नको. सकाळी पानाच्या टोकाला थेंब दिसला तर घाबरू नका, ती जास्तीचं पाणी तसंच टाकते. आणि काकू, हे अळूच्याच कुळातलं, पण वड्या करायच्या नाहीत! पानात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, चिंचेच्या कोळाचा भरवसा धरू नका. शेळीच्या तोंडालाही लागू देऊ नका.

कुंडी परत पाठवायची नाही.

तुमच्या लेकीच्या वरच्या मजल्यावरची