अभंग गाणारी मंडळी आणि शेवटचा बाक

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ख्रिस्ती धर्म म्हणजे परकी संस्कृती, हा समज मुंबईतही टिकून आहे, याचे वाईट वाटते. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ साली याच शहरात विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढे दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रियांना केडगावला आसरा दिला. तर रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावरही अभंग आणि कीर्तन सोडले नाही.

आमच्या प्रार्थनामंदिरात आजही पेटी-टाळांवर ती भजने म्हटली जातात. शेवटच्या बाकावर एक सफाई कामगार बसतात. गटारसफाईने हाताची कातडी सोललेली, पण टाळाचा ठेका अचूक. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. धर्म बदलल्याने वस्ती बदलत नाही आणि हातातला झाडूही सुटत नाही.

सरकारकडे न्याय जरूर मागावा, परंतु ख्रिस्ती मंडळीने स्वतःच्या घरातही पाहावे. माझ्या भाचीला स्थळ आले, तेव्हा प्रार्थनेने सुरू झालेल्या बैठकीत पाहुण्यांनी ‘मूळचे कोण?’ असे विचारले आणि आम्ही सगळ्यांनी, मीसुद्धा, मुकाट्याने उत्तर दिले. त्या बाकाशेजारी उभे राहून भजन म्हणताना मला ते उत्तर आठवते.

आपला विश्वासू,
एक वाचक, भायखळा, मुंबई