बारा नंबरच्या नटाबद्दल, काकांस

ति. काकांस,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाक" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुम्ही वाचाल याची खात्री नाही. काकू मात्र वाचतील, आणि तुम्ही पेपरात डोकं घालून बसलेले असताना मोठ्यानं वाचून दाखवतील. तेवढं पुरे.

बाबांची मारुती आठशे २००९ची. एप्रिल २०१०मध्ये बीएस-चारचे, म्हणजे गाड्यांच्या धुराचे, नवे नियम आले आणि पुण्यात ही गाडी नवी मिळणंच बंद झालं, त्यामुळे आमची अगदी शेवटच्या खेपेतली, याचा बाबांना भारी अभिमान. तिला पंधरा वर्षं भरली, पुन्हा पासिंग करायची वेळ आली, आणि नेमकं त्याच पावसाळ्यात तिनं खोकायला सुरुवात केली. सकाळी थंड इंजिन चालू केलं की फट् फट् फट्, आणि गरम झालं की आवाज कमी. मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्याचं) गॅसकेट, म्हणजे सांध्यातली पट्टी, गेलंय, हे गॅरेजवाल्यानं बॉनेट न उघडता सांगितलं. पुढे म्हणाला, "स्टड तुटले तर जबाबदारी आमची नाही." (स्टड म्हणजे इंजिनात रोवलेले आटेदार दांडे, ज्यांवर नट बसतात.) जबाबदारी माझीच असेल तर हातही माझेच लावते, असं म्हणून मी बाबांची पेटी घेऊन पार्किंगमध्ये उतरले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण इतरांना कळू दे. वरचं पत्र्याचं कव्हर निघालं. मग पहिल्या बारा नंबरच्या नटावर निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४०चा फवारा मारला, पाच मिनिटं थांबले आणि पाना लावला. हलेना. पान्याच्या दांड्यावर नळाच्या पाइपचा हातभर तुकडा चढवला आणि अंगाचा भार टाकला. पाना सटकला, नटाचे कोपरे गेले आणि माझ्या बोटांची सालं रेडिएटरपाशी राहिली.

तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून तुमचा आवाज आला, "अगं, पाना खाली ठेव!"

बनियन आणि अर्ध्या चड्डीत तुम्ही खाली आलात. आधी माझा हात बघितलात, मग नट. शेजारच्या विंगमधले दोघं तोवर जमलेच होते. एकाचं म्हणणं, "ताई, तुम्ही बाजूला व्हा, आम्ही बघतो." दुसऱ्याचं, "गॅसची टॉर्च लावून लाल करा, आपोआप सुटेल." टॉर्चवाल्याला तुम्ही पेट्रोलचा पाइप बोटानं दाखवलात, एक शब्द बोलला नाहीत. तो गेला. बाजूला व्हा म्हणणाऱ्याला म्हणालात, "गाडी तिची आहे." तोही गेला. मग मला म्हणालात, "आज काही करायचं नाही. आज फक्त तेल."

टेल्कोत चौतीस वर्षं काढलेला माणूस (२००३मध्ये नाव टाटा मोटर्स झालं तरी तुमच्या तोंडी टेल्कोच) मला काहीच न करायला शिकवत होता, आणि मला ते अजिबात आवडलं नव्हतं, हे आता कबूल करते. रविवार वाया गेला असं वाटलं. तुम्ही काकूंच्या शिलाई मशीनच्या तेलाची कुप्पी आणलीत, तिच्यात अर्धं डिझेल आणि अर्धं पातळ ऑइल होतं. प्रत्येक नटाच्या मुळाशी दोन थेंब. "पावसाळ्यात दार फुगतं ना, तसा गंज. खातो लोखंड आणि त्याहून जास्त जागा अडवतो. आट्यांमध्ये सगळा तोच भरलाय. तेलाला आत शिरायला वेळ दे."

माझ्या फवाऱ्याबद्दल तुमचं मत होतं, "चांगला आहे, पण तो पाणी हटवायला केलाय." मी रात्री शोधलं. खरंच, नावातली पहिली दोन अक्षरं पाणी हटवण्याचीच आहेत, आणि चाळीस हा आकडा १९५३ साली अमेरिकेत चाळिसाव्या प्रयत्नाला ते मिश्रण जमलं म्हणून आलेला. चाळीस खेपा केलेल्या लोकांच्या डब्याकडून मी पाच मिनिटांत काम मागत होते.

तर पुढचा आठवडाभर मी ऑफिसला जाताना दोन थेंब आणि आल्यावर दोन थेंब टाकत होते. शिवाय छोट्या हातोडीनं प्रत्येक नटाच्या डोक्यावर टकटक. "ठोकायचं नाही. शेजाऱ्याची कडी वाजवतो तेवढंच. आतला गंज भुगा झाला पाहिजे." वॉचमनला वाटलं माझं काहीतरी बिनसलंय. तुम्ही रोज गॅलरीतून फक्त विचारायचात, "वाजवलंस?"

पुढच्या रविवारी तुम्ही गोटी आणलीत, म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा सॉकेट पाना. माझ्या सेटमधली बारा कोनांची. तुमची सहा कोनांची, कधीकाळी जुन्या बाजारातून घेतलेली, नटाला सगळ्या बाजूंनी धरणारी. कोपरे गेलेल्या त्या पहिल्या नटावर तुम्ही अकराची गोटी हातोडीनं ठोकून बसवायला लावलीत. आणि मग जे सांगितलंत ते ऐकून मला वाटलं तुम्ही चुकलात. "आधी घट्ट कर." मी म्हटलं, सैल करायचाय ना? "घट्ट कर, थोडासा. एकदा धरलेलं सुटू दे, मग कुठल्याही बाजूला जाईल."

कर्र झालं. केसभर हलला असेल. मग उलटा. पाव फेरा बाहेर, थोडा परत आत, एक थेंब तेल, पुन्हा बाहेर. तो नट हातात आला तेव्हा मी तो किती वेळ बघत होते कोण जाणे. तुम्ही बॅटरी धरून उभे होतात आणि उजेड बरोबर माझ्या बोटांच्या पुढे पडत होता. तेवढ्यासाठी सुद्धा वेगळे आभार मानायला हवेत. माझ्या नवऱ्याला बॅटरी धरायला सांगितली की ती छपराकडे जाते.

एक गोष्ट तुम्ही मला हातानं शिकवलीत, शब्दांनी ती येत नाही. सुटणारा नट टक् करतो आणि हाताला मोकळं वाटतं. न सुटणारा रबरासारखा लागतो, पाना थोडा जातो आणि परत येऊ बघतो. "रबर लागलं की थांब. नट फिरत नाहीये, स्टड पिळवटतोय." तिसऱ्या नटाला मला ते रबर लागलं, मी थांबले, तेल टाकलं, चहा झाला, वीस मिनिटांनी तो गपगुमान सुटला.

शेवटचा नट खाली, कोपऱ्यात. माझा खांदा भरून आला होता. मीच म्हटलं, काका, हा तुम्ही घ्या. आठवडाभरात तुम्ही हातात पाना घेतलात तो एवढ्याच वेळी. "रबर लागतंय गं," म्हणालात, आणि म्हणेपर्यंत तो तुटला.

किती वेळ कोणीच काही बोललं नाही. मग तुम्ही तुटका तुकडा तळहातावर ठेवलात, चष्मा वर केलात आणि म्हणालात, "हा माझा. हिशोबात माझ्या नावावर मांड."

काका, खरं सांगते, तो तुटला नसता तर हे पत्र लिहायचं माझ्या डोक्यातही आलं नसतं. मॅनिफोल्ड निघाला, पण हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, त्या स्टडचा जेमतेम पेराएवढा थोटुक उरलेला. ड्रिल मारून ईझी आउट (तुटका स्टड आतून धरून उलटा काढायचं हत्यार) लावू का, असं मी विचारलं. तुमचं उत्तर, "तो आत मोडला तर त्यावर ड्रिलसुद्धा चालत नाही, इतका कडक असतो." मग तुम्ही मला कानस दिलीत. मलाच दिलीत, स्वतः घेतली नाहीत. एक स्टड तुमच्या नावावर जाऊनही. त्या थोटकाच्या दोन बाजू समोरासमोर घासून सपाट करायला मला पाऊण तास लागला. तुमची बॅटरी एकदाही हलली नाही. पोर्टांत, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या भोकांत, फडकी कोंबून ठेवली होती, नाहीतर लोखंडाचा कीस आत.

आग तर लावायची नव्हती. तेव्हा तुम्ही केस वाळवायचा ड्रायर मागितलात. काकू वरून हसत होत्या ते मला ऐकू येत होतं. वॉचमनच्या खोलीतून वायर आणून वीस मिनिटं स्टडभोवतालचं हेड तापवलं. हेड अॅल्युमिनियमचं, स्टड पोलादी, आणि तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, त्यामुळे भोक जरासं मोकळं होतं. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा शाळेतलं प्रसरण मला पहिल्यांदा कशासाठी तरी उपयोगी पडलं. मग व्हाइस ग्रिप पकडीनं सपाट बाजू धरून, घट्ट, सैल, घट्ट, सैल. थोटुक बाहेर आलं तेव्हा आट्यांना चिकटलेली पांढरी भुकटी तुम्ही नखानं खरवडून दाखवलीत.

बाकीचं पटकन झालं. नाना पेठेतून गॅसकेट, स्टड, नट. आठ-सव्वाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हातानं फिरवून आटे साफ. साधं ग्रीस तिथे जळून जातं म्हणून आट्यांना कॉपरचं ग्रीस. नट मधून बाहेरच्या बाजूला, दोन फेऱ्यांत कसले, तेही पाइप न लावता. सोमवारी सकाळी किल्ली फिरवली आणि तुम्ही गॅलरीत कानामागे हात धरून उभे राहिलात. काही ऐकू आलं नाही, म्हणून आत गेलात.

पासिंग झालं. तुटका तुकडा माझ्या डॅशबोर्डवर आहे. बाबांच्या वहीत, जिथे ते ऑइल बदलल्याच्या तारखा लिहीत, तिथे मी खरंच नोंद केली आहे: "एक स्टड, काकांच्या नावे."

तुमची सहा कोनी बाराची गोटी माझ्याकडेच राहिली आहे. मागितली नाहीत म्हणजे विसरलात असं समजत नाही. पण आत्ताच परत करत नाही, कारण वॉटर पंपाखाली रोज सकाळी रुपयाएवढा डाग दिसायला लागलाय आणि तिथले बोल्ट मॅनिफोल्डच्याही वरताण आहेत. आज रात्रीपासून दोन-दोन थेंब सुरू करते. रविवारी नऊ वाजता खाली या. चहा मी टाकते, बॅटरी तुम्ही आणा.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची