मैतेईंचा इतिहास बभ्रुवाहनापासून सुरू करू नका

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

मणिपूर म्हटलं की आपल्याकडे आधी चित्रांगदा आणि बभ्रुवाहन आठवतात. ईशान्य भारतावरच्या पूरक वाचनात मैतेईंचा, म्हणजे इंफाळ खोऱ्यातल्या मुख्य समाजाचा, धडा घ्याल तेव्हा सुरुवात तिथून नको. महाभारतातला अर्जुन कलिंग ओलांडून, महेंद्र पर्वत पाहून समुद्रकाठाने चित्रांगदेच्या मणिपूर नगरीत पोचतो; इंफाळच्या खोऱ्याला समुद्र कुठला? या राज्याचं जुनं नाव कांगलैपाक. ‘मणिपूर’ रुळलं १८व्या शतकात, राजा पामहैबा ऊर्फ गरीबनवाज (१७०९–१७४८) वैष्णव झाल्यावर. त्याच शतकात राजवंशाचं नातं अर्जुनाशी जोडलं गेलं. पुया, म्हणजे जुनी हस्तलिखितं, जाळली गेली तीही गरीबनवाजच्याच आज्ञेने. बभ्रुवाहनाची गोष्ट जरूर सांगा, पण ती १८व्या शतकाच्या प्रकरणात.

सुरुवात सात सलाईंपासून, म्हणजे कुळांपासून करावी: मांगांग, लुवांग, खुमान, आंगोम, मोइरांग, खा-ङान्बा, सारांग-लैशांगथेम. कांगल्याच्या, म्हणजे इंफाळमधल्या जुन्या राजधानीच्या, निंगथौजा (मांगांग) घराण्याने बाकीच्यांना हळूहळू आपल्यात घेतलं, त्यात कित्येक शतकं गेली. लोकताक सरोवराकाठच्या मोइरांगचे राजे दीर्घकाळ वेगळेच होते. मैतेई समाज असा घडत गेला. एखाद्या दिवशी कुठून तरी उतरला नाही. भाषा तिबेटो-बर्मी कुळातली, डोंगरातल्या नागा आणि कुकी भाषांची नातलग. धड्यात हे एक वाक्य हवंच. मैतेई-कुकी संघर्षाने तापलेल्या आजच्या वातावरणात तर नक्कीच.

सनावळीत घोटाळा हमखास होतो. चैथारोल कुंबाबा ही राजबखर पहिल्या राजाचं, पाखांगबाचं, राज्यारोहण इ. स. ३३ मध्ये दाखवते आणि त्याला तब्बल १२० वर्षं राज्य देते! असे आकडे ‘परंपरेनुसार’ एवढा शब्द जोडूनच छापावेत. वर्षाला एका माणसाचं नाव देण्याची चैथाबा पद्धत राजा कियांबाच्या काळात, १४८५ला सुरू झाली. तिथून पुढची कालगणना बरीच भरवशाची.

नकाशात आजच्या राज्याची सीमा पूर्ण रंगवू नये. खोरं राज्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढं आहे आणि डोंगरांवरचा राजांचा अंमल काळानुसार कमी-जास्त होई. राजा खागेंबाच्या काळात, १६०६मध्ये वसलेल्या मैतेई पांगल मुसलमानांना तळटीपेत ढकलू नका, त्यांची बोलीही मैतेईच आहे.

छपाईआधी मजकूर मणिपूर विद्यापीठाच्या इतिहास आणि मणिपुरी विभागांकडून तपासून घ्यावा, नावांच्या उच्चारांसकट.

आपले,
इतिहासाचे काही शिक्षक