पेटी कॉन्ट्रॅक्टर भावांसाठी सूचना : कागद करा, मग मुरूम टाका

राम राम राजेहो. दिवाळीनंतर पांदण रस्ते, नाल्या, शाळांच्या खोल्या अशी कामं निघतीन, आपण मेन ठेकेदाराच्या हाताखाली घेऊ, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. जिल्हा परिषद किंवा बांधकाम विभागाचा करार ठेकेदाराशी असते, आपल्याशी नाही, त्यामुळे पैसे अडकले तर इंजिनिअर साहेबाच्या टेबलासमोर बसून काही होत नाही, वसुली ठेकेदाराकडूनच करा लागते. काम पोटात द्यायले बहुतेक टेंडरमध्ये विभागाची लेखी परवानगी लागते, ती आहे का ते आधी पाहा.

उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) काम घ्यायच्या आधीच करा, ती फुकट होते, सेतूवाल्याले उगा हजार देऊ नका. २००६ च्या एमएसएमई (लहान-मध्यम उद्योगांच्या) कायद्यात लेखी करार असन तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे, नसन तर १५ दिवसांत, उशीर झाला तर बँक रेटच्या (रिझर्व्ह बँक ठरवते तो दर) तिप्पट चक्रवाढ व्याज. न दिल्यास फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (या कायद्याखाली अडकलेल्या पैशाचे वाद ऐकणारी सरकारी परिषद) अर्ज. फक्त बांधकामाच्या ठेक्याले हा कायदा लागते का यावर कोर्टात वाद चालतात, वकिलाले विचारून घ्या.

अन् "वरून बिल निघू दे, मग देतो" हे तोंडी ऐकून गिट्टीची ट्रिप खाली करू नका. रेट, मोजमाप कोण करन, पैसे कधी, एवढं साध्या कागदावर सहीनिशी घ्या. ट्रिपच्या चिठ्ठ्या, मापाचे फोटो, व्हॉट्सॲपचे मेसेज डिलीट करू नका. दाव्याची मुदत साधारण ३ वर्षं असते.