मूळ फाइल पुसण्याआधी

संपादक महोदय,

जनुकसंचाचे वाचन स्वस्त झाल्याच्या बातम्या वारंवार येतात. त्यातून निघणारी माहिती ठेवायची कुठे, यावर प्रयोगशाळांचे उत्तर बहुधा एकच असते: आणखी डिस्क घ्या. त्याआधी करण्यासारखे बरेच आहे.

माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे (ए, सी, जी, टी) असतात. प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचली की ९,००० कोटी होतात, आणि यंत्राने वाचलेले तुकडे ठेवणाऱ्या मूळ फास्टक्यू फाइलमध्ये दर अक्षरामागे त्याच्या खात्रीचा एक गुणांकही असतो. खरी जागा खातात ते हे गुणांक. अक्षरे मुळात चारच, म्हणून ती चांगली आवळली जातात. गुणांक चाळीसेक प्रकारचे आणि विस्कळीत. नवी यंत्रे त्यांचे मोजकेच गट ठेवतात. जुन्या माहितीचेही असे गट पाडता येतात, पण गेलेले गुणांक परत मिळत नाहीत. म्हणून आधी थोड्या नमुन्यांवर करून पाहावे आणि उत्परिवर्तनांची यादी बदलते का ते तपासावे.

हे तुकडे संदर्भ जनुकसंचाशी (तुलनेसाठी प्रमाण मानलेल्या क्रमाशी) जुळवून बॅम फाइलमध्ये ठेवतात. बॅम फाइलची क्रॅम, म्हणजे अधिक आवळलेले रूप, केली की जागा साधारण निम्म्यावर येते, कारण क्रॅम संदर्भ जनुकसंचापासूनचे फरकच नोंदवते. धोकाही तिथेच आहे. तो संदर्भ हरवला तर फाइल उलगडत नाही. 'एचजी१९' (मानवी संदर्भ जनुकसंचाची एक आवृत्ती) एवढे नाव लिहून ठेवणे पुरेसे नाही: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेच्या (यूसीएससी) मूळ एचजी१९मधला मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतील ऊर्जाकेंद्राचा) डीएनए १६,५७१ अक्षरांचा, तर प्रमाण मानल्या जाणाऱ्या प्रतीतला १६,५६९ अक्षरांचा. प्रत्यक्ष वापरलेली संदर्भ फाइलच संग्रहात ठेवावी.

आता जागा वाचवायला क्रॅम केल्यावर मूळ फास्टक्यू पुसण्याविषयी, कारण सर्वाधिक नुकसान इथे होते. संदर्भाशी न जुळलेली वाचने (वाचलेले तुकडे) वगळली असतील, दुबार वाचने खूण न करता काढून टाकली असतील, अडॅप्टर (वाचनासाठी टोकांना जोडलेले कृत्रिम तुकडे) छाटले असतील किंवा गुणांकांची फेरमोजणी करताना मूळ गुणांक जपले नसतील, तर क्रॅममधून पहिली फास्टक्यू कधीच मिळणार नाही. अशा फाइली हाताळणाऱ्या सॅमटूल्स या संगणकप्रणालीच्या 'क्विकचेक' आज्ञेवर अनेक जण थांबतात. ती आज्ञा फाइलचा मथळा आणि शेवटची खूण एवढेच पाहते, मधला बिघाड तिला दिसत नाही. क्रॅम पूर्ण उलगडून फास्टक्यू काढावी, दोन्हींकडची वाचने नावानुसार लावावीत आणि नाव, अक्षरे, गुणांक यांचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवावा. याला काही तास जातात, ते जाऊ द्यावेत.

संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थांनी माहिती-व्यवस्थापनाच्या आराखड्यात संदर्भ फाइल आणि हा पडताळा सक्तीचा करावा, ही विनंती.

— जनुकीय माहितीच्या साठवणुकीचे काम करणारे काही वाचक