‘पुन्हा आलात?’ असं विचारू नका

संपादक महोदय,

मी एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात केसपेपर काढून देते. सतत येणाऱ्यांना रांगेतलं कुणी ‘पुन्हा आलात?’ म्हणालं की मला संताप येतो. त्यांच्यात मधुमेह, दमा असे जुने आजार असलेले बरेच असतात. नैराश्य, एकटेपणाही असतो. एक आजी दर वेळी छातीतली धडधड सांगतात. ईसीजी ठीक येतो. नवरा गेल्याचं त्यांनी निघताना, दाराशी थबकून सांगितलं. १९५०च्या दशकात लंडनमध्ये मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी फॅमिली डॉक्टरांचे चर्चागट चालवले. डॉक्टर स्वतःच औषध असतो, असं ते मानत. म्हणून अशा रुग्णांना दर खेपेला नवी गोळी देण्यापेक्षा ठरावीक अंतराने त्याच डॉक्टरांनी वेळ देऊन बोलवावं. मग भेटीसाठी नवं दुखणं लागणार नाही. तक्रार बदलली, तर मात्र नव्याने तपासायलाच हवं.

– दवाखान्यातील एक मदतनीस