दादाला सांगा, अलेक्सा घेण्याआधी हे वाच

लंडन, 14 ऑक्टोबर 2018

ती. आई आणि ती. बाबा यांना,
शि. सा. न.

मी खुशाल आहे. आई, फोनवर आवाज बसल्यासारखा वाटला तो थंडीने नव्हे, झोपेतून उठून बोलत होते म्हणून. स्वेटर घालते, वेळेवर जेवते, ज्वारीचं पीठही अजून आहे. बाबा, सुट्टीच्या दिवशी भरदुपारी म्युझियमला जाणं म्हणजे एकटीने भटकणं नव्हे. शिवाय व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला तिकीट नसतं, त्यामुळे पैसे उडवले असंही नाही.

तिथे ट्यूबने, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेने, जावं लागतं. इथल्या सरकत्या जिन्यांची एक रीत मला अजून उलगडलेली नाही. रस्त्यावर गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून जातात, पण जिन्यावर उभं राहायचं ते उजवीकडे. डावी बाजू घाई असणाऱ्यांसाठी मोकळी. नवरा-बायको असले तरी शेजारी शेजारी नाही, एकामागे एक. खाली कितीही गर्दी तुंबली तरी उजवीकडे रांग लावतील, पण डावीकडे उभे राहणार नाहीत. चुकून कुणी राहिलंच, तर मागचा माणूस ओरडत नाही, हळूच ‘सॉरी’ म्हणतो. सॉरी तो म्हणतो, आणि बाजूला आपण व्हायचं!

असो. दादा दिवाळीला अलेक्सा, म्हणजे अ‍ॅमेझॉन कंपनीचं ते तोंडी हुकूम ऐकणारं यंत्र, घेणार म्हणतोय ना, तेच त्या म्युझियममध्ये मांडलंय. केट क्रॉफर्ड आणि व्लादान योलेर या दोघांनी एखाद्या घराण्याची वंशावळ लिहावी तसा त्याचा भलामोठा नकाशा केलाय. एका टोकाला खाणी, दुसऱ्या टोकाला भंगार आणि मध्ये ‘दिवा लाव’ म्हणणारे आपण. अक्षर इतकं बारीक की नाक लावून वाचावं लागतं. धातू गाळणारे, सुटे भाग बनवणारे, जोडणारे, बोटीवर चढवणारे, सगळे त्यात आहेत. सोबतच्या निबंधात लिहिलंय की कंपनीच्या मालकाची एका दिवसाची कमाई गाठायला काँगोतल्या खाणीत राबणाऱ्या पोराला 7 लाखांहून जास्त वर्षं अखंड काम करावं लागेल. ते वाचल्यावर मला पुढे सरकवेना. मीही दिवसभर ‘क्लाउड’, ‘क्लाउड’ (म्हणजे इंटरनेटवरून वापरायचे दूरचे कॉम्प्युटर) म्हणत कोड लिहिते आणि त्याचाच पगार घेते. ते क्लाउड जमिनीतून खणून काढलेलं असतं, हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

याच म्युझियमने 2015 साली तीन फुलदाण्या दाखवल्या होत्या. चीनच्या इनर मंगोलियात दुर्मीळ धातू शुद्ध करताना उरणारा विषारी चिखल आणून घडवलेल्या. एक स्मार्टफोन बनताना जेवढा चिखल निघतो तेवढ्याची एक, लॅपटॉपची त्याहून मोठी.

बाबा, तुम्हाला आवडेल ती गोष्ट तारेची. समुद्राखालच्या जुन्या तारांना गटापर्चा नावाच्या झाडाचा चीक लावत. झाडं मलायाकडची, आणि चिकासाठी ती आडवीच करायची. 1870 साली इथल्या कॉर्नवॉलमधल्या पोर्थकर्नो गावापासून जिब्राल्टर, माल्टा, सुएझ, एडन करत तार थेट आपल्या मुंबईला पोहोचली. आजही आपलं बोलणं समुद्रतळाच्या तारांतूनच येतं. तेव्हा मध्येच आवाज तुटला की ‘पोरीने फोन ठेवला’ असं मनात आणू नका. मी ठेवत नाही.

दादाला म्हणावं, पैसे तुझे आहेत, मी अडवणार नाही. पण आईला दिवा लावायला हाक मारायची गरज नाही, बटण हाताशी आहे. आणि मला नवा फोन नको, जुन्याची बॅटरी बदलून घेतली, छान चालतोय.

आता पैशांचं. या महिन्यात 40,000 पाठवलेत. कर्जाचा हप्ता जाऊन उरतील ते बाबांच्या मोतीबिंदूसाठी. ऑपरेशन माझ्या येण्यासाठी थांबवू नका. दिवाळीला जमत नाहीये, रजा मिळाली नाही. तिकिटंही फार महाग आहेत, पण मुख्य कारण रजा. खरंच. फराळ कुरियरने पाठवू नका, आई, उगाच दगदग. अगदीच करणार असलीस तर चकली थोडीच.

सांगलीच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. आत्याला तसं वाटलं असेल तर तिची समजूत घाला. पत्रिका तुम्ही बघा, मुलाचा नंबर मला द्या, आधी मी बोलते. मात्र मी मार्चमध्ये येतेय असं त्या लोकांना आत्ताच सांगू नका. रजेचं जानेवारीत कळेल, मग तारीख धरू.

तुमची,
सोनू